आधी चालती करा, मग चकचकीत

#धागा

एखाद्या वाड्याच्या पडवीत, गोठ्यात किंवा बंद गोदामात तीस-चाळीस वर्षे पडून असलेली दोन आसनी जुनी गाडी उजेडात आली, की जमलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : रंग कोणता द्यायचा? दुसरा प्रश्न किमतीचा. इंजिन फिरते का, ब्रेक धरतात का, मूळचे भाग किती शाबूत आहेत, हे प्रश्न फार उशिरा येतात. तोवर पुष्कळदा मूळ रंग खरवडून, मूळ आसने उसवून आणि मूळ कार्ब्युरेटर भंगारवाल्याला देऊन झालेले असते. माझे मत याच्या नेमके उलट आहे. अशी स्पोर्ट्स कार आधी चालती करावी, तीही शक्यतो तिच्याच अवयवांनिशी. झळाळीचा विचार नंतर, आणि जेवढा टाळता येईल तेवढा टाळावा. या मताला इतिहासाचा आधार आहे आणि तो इतिहास आमच्या भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यापासून वाटतो तितका दूर नाही.

आधी, या गाड्या आपल्याकडे इतक्या दुर्मीळ का, ते पाहू.

स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांनी, १९४९ मध्ये, सरकारने पूर्ण बांधणीच्या मोटारींच्या आयातीला बंदी केली. पुढे १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून असे ठरले, की ज्यांच्याकडे देशातच उत्पादन करण्याचा क्रमवार कार्यक्रम आहे त्यांनाच येथे धंदा करता येईल. नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ पासून चालू होता, तोही बंद झाला. मोटारींच्या बाजारात मुख्यतः तीन नावे उरली : उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स, कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि मद्रासची स्टँडर्ड. तिघींनीही कुटुंबाच्या गाड्या बनवल्या. परवान्यांच्या त्या जमान्यात दोन माणसांची, टप उघडणारी गाडी ही चैन होती, आणि चैनीला परकीय चलन मिळत नसे. त्यामुळे आज आपल्याकडे ज्या थोड्या जुन्या एमजी, ट्रायम्फ किंवा जॅग्वार दिसतात, त्या एकतर बंदीपूर्वी उतरलेल्या, नाहीतर परदेशातून परतणाऱ्यांनी आणलेल्या, नाहीतर वकिलातींच्या अधिकाऱ्यांबरोबर आलेल्या आणि स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या गेलेल्या असतात.

त्याआधीचा जमाना संस्थानिकांचा. मराठी वाचकाला येथे इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) आठवावेत. १९२६ मध्ये गादीवर आलेला हा तरुण राजा नव्या युरोपीय कलेचा भोक्ता होता. माणिकबाग राजवाडा त्याने एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून बांधून घेतला. त्याच्या ताफ्यातील सर्वांत गाजलेली गाडी म्हणजे ड्युसेनबर्ग एसजे. चासी आणि इंजिन अमेरिकेचे, वरचा बांधा लंडनच्या गर्नी नटिंग यांचा, काळ १९३५-३६. सरळ रांगेत आठ सिलिंडर, जोडीला सुपरचार्जर, आणि ३२० अश्वशक्तीचा कंपनीचा दावा. एवढी ताकद दोन माणसांच्या गाडीत! नारिंगी आणि काळ्या रंगातली ही गाडी पुढे अमेरिकेत गेली. जुन्या मोटारींच्या निर्यातीला सरकारने आळा घातला तो १९७० च्या दशकात; तोपर्यंत असे पुष्कळ काही देशाबाहेर गेले होते. अशा गाडीविषयी आज लिहिले जाते ते तिच्या किमतीविषयी आणि राजाच्या रसिकतेविषयी. माळव्याच्या उन्हाळ्यात तिचे पाणी उकळू न देणाऱ्या, तिचे ब्रेक जुळवणाऱ्या ड्रायव्हर-मिस्त्र्यांविषयी कुणी लिहीत नाही. मला या विषयात रस आहे तो त्या माणसांमुळे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

सामान्य समज असा, की परदेशी स्पोर्ट्स कार म्हणजे परके यंत्र. तिचे सुटे भाग विलायतेतूनच यावेत आणि तिला हात लावणारा माणूस मुंबईहूनच यावा, असे मानले जाते. हा समज निम्मा चुकीचा आहे.

एमजीए ही गाडी १९५५ मध्ये इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडली. ठेंगणी, गोलाईदार आणि आजही पाहताक्षणी मोहात पाडणारी. तिचे इंजिन होते १,४८९ सीसीचे, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजमधले. आणि १९५९ च्या सुमारास आपल्या ॲम्बेसेडरला जे वरच्या व्हॉल्व्हचे नवे इंजिन मिळाले, तेही १,४८९ सीसीचे, त्याच बी-सिरीजमधले. सिलिंडरचा व्यास तोच, पिस्टनची धावही तीच. एमजीएला दोन एसयू कार्ब्युरेटर, वेगळी कॅमशाफ्ट आणि थोडे अधिक कॉम्प्रेशन. ॲम्बेसेडरला एकच कार्ब्युरेटर आणि सरकारी स्वभाव. विलायतेत जे यंत्र रविवारी वळणावळणाच्या रस्त्यांवर तरुणांना मिरवीत होते, तेच यंत्र आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्यांना घेऊन धुळीच्या रस्त्याने दौऱ्यावर जात होते.

ट्रायम्फ स्पिटफायरची गोष्ट याहून सरळ. १९६२ ची ही स्पोर्ट्स कार ट्रायम्फ हेराल्डच्याच चासीला आखूड करून उभी केलेली. पुढचे सस्पेन्शन त्याच घराण्याचे, मागची आडवी पाटेही तशीच, आणि दोन्ही गाड्यांचा आराखडा जोवानी मिकेलोत्ती या एकाच इटालियन माणसाचा. ती हेराल्ड मद्रासला १९६१ पासून बनत होती. स्टँडर्ड हेराल्ड म्हणून ती आपल्या कित्येक डॉक्टर-वकिलांच्या दारात उभी असे.

तिसरे उदाहरण तर महाराष्ट्राच्या मातीतले. कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट ११००, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी; मुंबईची काळी-पिवळी. तिचे १,०८९ सीसीचे इंजिन, ६८ मिलिमीटर व्यास आणि ७५ मिलिमीटर धाव, हे १९३७ च्या फियाटपासून चालत आलेले माप. याच फियाट ११०० च्या इंजिनावर युद्धानंतर इटलीत चिसितालिया २०२ ही छोटी स्पोर्ट्स कार घडली. पिनिन फारिना यांनी तिला दिलेला आकार असा, की न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तिला १९५१ च्या प्रदर्शनात मांडले आणि पुढे एक चिसितालिया आपल्या कायमच्या संग्रहात घेतली. दादरच्या टॅक्सीचे आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयातील शिल्पाचे इंजिन एका कुळातले आहे, हे टॅक्सीवाल्याला कुणी सांगितले असेल असे वाटत नाही.

हा योगायोग नव्हे. त्या काळची परवडणारी स्पोर्ट्स कार बनतच असे अशी : घरगुती गाडीचे खात्रीचे इंजिन आणि गिअरबॉक्स घ्यायचा, थोडा तापट करायचा, आणि हलक्या, ठेंगण्या बांध्यात बसवायचा. सगळेच भाग जसेच्या तसे बसतात असे मात्र नव्हे. हेड, कॅम, गिअरबॉक्सचे आवरण यांत फरक असतात, आणि आंधळेपणाने ॲम्बेसेडरचा भाग एमजीएला ठोकणे हा गुन्हाच. पण बेअरिंगला किती मोकळीक हवी, टॅपेट कोणत्या आवाजाला जुळवायचे, हेडचे बोल्ट कोणत्या क्रमाने आवळायचे, हे ज्ञान सामाईक आहे. चाळीस वर्षे सरकारी ॲम्बेसेडरी उघडून बसवलेला मिस्त्री हा त्या एमजीएचा घरचा वैद्य आहे. त्याला मात्र तसे कुणी विचारत नाही. उत्तरपाड्याला ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, पद्मिनीचे त्याआधीच. ज्यांच्या हातांना ही इंजिने पाठ आहेत ते मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत. पत्रा आणि रंग पुढच्या पिढीलाही करता येईल. हे ज्ञान मात्र इंजिन उघडून, त्यांच्या शेजारी बसूनच घ्यावे लागते, आणि त्याला फार वर्षे उरलेली नाहीत. ‘आधी चालती करा’ या आग्रहामागचे माझे पहिले कारण हे.

दुसरे कारण समजण्यासाठी भंडाऱ्यात येऊ. हा जिल्हा मध्यप्रांतातला, मालगुजारी मुलूख. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, आणि मालगुजारांनी राखलेले तलाव सरकारी दप्तरात ‘माजी मालगुजारी’, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ झाले. राखणारा गेला तसे कित्येक तलाव गाळाने भरले. आता त्यांचे पुनरुज्जीवन होते तेव्हा जाणते लोक आधी येणारा पाट मोकळा करतात, गाळ काढतात, तुडुंब दुरुस्त करतात. काठावरचे बाकडे आणि दिवे नंतर. ज्या ठिकाणी हा क्रम उलटा होतो तेथे बाकड्यांवर बसून कोरडा तलाव पाहावा लागतो.

समजा, पवनी किंवा साकोलीकडच्या एखाद्या जुन्या वाड्याच्या मागच्या छपरात एक एमजीए निघाली. आमच्याकडे धानाचा पाऊस पडतो, हजार मिलिमीटरहून बराच अधिक. चार महिने हवेत ओल, नंतरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा. या हवेने काय केले असेल, ते गाडीच्या घडणीवरून सांगता येते. तिची दारे, बॉनेट आणि डिकीचे झाकण यांवरचा पत्रा ॲल्युमिनियमचा, त्यामुळे तो बरा दिसेल. पाहणारा येथेच फसतो. दाराखालच्या लोखंडी पट्ट्यांत मात्र पाणी साचून गंज आतून खात आलेला असतो. पायाखालची जमीन लाकडी फळ्यांची. ती वाळवीने संपवलेली असेल. एअर फिल्टरमध्ये कुंभारमाशीचे घर, वायरींवर उंदरांचे दात. आणि टाकीत जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा थर.

अशा गाडीला बॅटरी लावून सेल्फ मारणे हा सर्वांत मोठा अविचार. उत्साहाच्या भरात हेच होते, आणि अडकलेली पिस्टन रिंग मोडते किंवा चिकटलेला व्हॉल्व्ह वाकतो.

जाणता मिस्त्री काय करतो? आधी सगळे प्लग काढतो, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडतो आणि गाडीला काही दिवस विसरून जातो. मग चौथ्या गिअरात टाकून गाडी हाताने वीतभर पुढे, वीतभर मागे. इंजिन हलले तर देवाला नारळ; नाही हलले तर पुन्हा तेल, पुन्हा वाट. दरम्यान तो ब्रेककडे वळतो, कारण सुरू न होणाऱ्या गाडीपेक्षा न थांबणारी गाडी वाईट. चारही ड्रम उघडायचे, चाकांचे सिलिंडर बहुधा जाम असतात. रबरी नळ्या बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतून फुगून बंद झालेल्या असतात. त्या बदलायच्याच. मूळपणाचा आग्रह येथे धरू नये; जिवाशी खेळ नको. चेंबर उघडून जुने तेल आणि तळाचा चिखल काढायचा. पाण्याच्या वाटा धुवायच्या. नवे तेल भरल्यावर प्लग न लावताच इंजिन फिरवीत राहायचे, तेलाच्या दाबाचा काटा उचलेपर्यंत.

वायरिंगशी भिडण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. त्या काळच्या अनेक इंग्रजी गाड्यांप्रमाणे एमजीएतही बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, आजच्या नेमके उलट. आसनांमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, एक नव्हे. नव्या पोराने सवयीने जोडणी केली की घोळ. मग पॉइंट घासायचे, कंडेन्सर बदलायचा, एसयू कार्ब्युरेटर उघडून त्यातले पिस्टन स्वतःच्या वजनाने ‘टक्’ करून खाली बसते का ते पाहायचे. पेट्रोल पहिल्यांदा टाकीतून न देता बाटलीतून द्यायचे. पेट्रोलचा विजेवरचा पंप मागच्या बाजूला असतो. चावी फिरवली की तो टिकटिकतो आणि कार्ब्युरेटर भरले की गप्प होतो. ती टिकटिक थांबणे ही शुभ खूण. आणि मग सेल्फ.

येथे आजच्या पेट्रोलविषयी बोलणे भाग आहे. २००० साली आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण जुन्या बिडाच्या हेडमधील व्हॉल्व्हच्या बैठकांना त्या शिशाचे संरक्षण मिळत असे. बेताने चालवणाऱ्याला हे फारसे भोवत नाही. फार ताणणाऱ्याने हेड उघडल्यावर कठीण पोलादाच्या बैठका बसवून घ्याव्यात. खरी चिंता आताच्या वीस टक्के इथेनॉलची. इथेनॉल हवेतील ओल शोषते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात आणि पत्रा खातात. जुने रबर आणि बुचाची पॅकिंग त्याने सुटतात. शिवाय मिश्रण पातळ होते, म्हणून जेट थोडा खाली घेऊन पेट्रोलचे प्रमाण वाढवावे लागते. आमचा धानाचा जिल्हा; तांदूळही आता इथेनॉलला जातो. त्यामुळे या विषयावर शेतकऱ्याच्या पोटावर पाय देऊन बोलता येत नाही. पण जुन्या गाडीच्या मालकाने एवढे जाणावे, की उभी राहणारी गाडी या इंधनाने चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. काचेच्या दालनात टाकी भरून ठेवलेली चकचकीत गाडी आतून कुजते. पंधरा दिवसांनी एकदा फिरणारी टिकते. हे माझे दुसरे कारण.

वाचकहो, दुसरी बाजूही ऐकून घ्यायला हवी. जुन्या गाड्यांचे व्यापारी म्हणतात, ग्राहकाला आरशासारखा रंग हवा असतो. पैसा तेथे आहे, आणि पैशाशिवाय गाड्या वाचत नाहीत. यात तथ्य आहे. रंगकामाच्या पैशावर अनेक चांगली गॅरेजे जगली. शिवाय पत्रा खरोखरच संपला असेल तर तो नव्याने घडवण्यावाचून उपाय नाही. पण मूळ रंगाचा थर एकदा घासला की परत येत नाही. त्या रंगाखाली कारखान्याच्या खुणा असतात, मालकांनी वेळोवेळी केलेल्या दुरुस्त्या असतात, कधी एखाद्या शर्यतीचा क्रमांक असतो. इमारतींच्या जतनासाठी १९६४ ची व्हेनिसची सनद आहे. तिच्याच धर्तीवर जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२-१३ मध्ये ट्युरिनची सनद स्वीकारली. आहे ते राखणे प्रथम, नव्याने घडवणे शेवटी, आणि वाहन चालते असणे हा त्याच्या वारशाचाच भाग, असे तिचे सार. हे तत्त्व आमच्या मिस्त्र्यांना सनदेवाचून ठाऊक होते. त्यांनी ते गरिबीतून शिकले, म्हणून त्याला प्रतिष्ठा मिळाली नाही, एवढेच.

आणि साधनांची उणीव म्हणाल, तर ती सबब भंडाऱ्याला शोभत नाही. गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८२ पासून आहे. तेथे गिअरबॉक्स बनतात. वरठीच्या सनफ्लॅगमध्ये मोटारींच्या भागांसाठी लागणारे खास मिश्र पोलाद तयार होते. दात कातणे, मापाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जपणे, हे या जिल्ह्यातल्या फिटर-टर्नरांचे रोजचे काम. निवृत्त टर्नर आणि जुना ॲम्बेसेडरवाला मिस्त्री एका झाडाखाली आले, तर एमजीएचा वॉटर पंप लंडनहून मागवण्याचे कारण उरत नाही. आयटीआयच्या मुलांना त्यांच्या शेजारी उभे केले तर आणखी चांगले.

राहिला कायदा. १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने पहिल्यांदा ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेले, मूळ रूपात राखलेले आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेले वाहन त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना क्रमांक कायम राहतो. नव्याने नोंदणाऱ्याला ‘व्हीए’ अक्षरांची मालिका. येथवर सारे उत्तम. मूळपणाची अट घालून सरकारने, नकळत का होईना, माझीच बाजू घेतली आहे. आधुनिक जपानी इंजिन टाकून, नवी चाके लावून ‘नूतनीकरण’ केलेली एमजीए या व्याख्येतून बाहेर पडते.

अडचण पुढे आहे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल, एवढ्याच कामांसाठी ती रस्त्यावर येऊ शकते. म्हणजे साकोलीहून भंडाऱ्याला ड्रम कातून घ्यायला गेलात तर ती देखभाल. संध्याकाळी घरच्यांना घेऊन तलावाच्या पाळीवर चक्कर मारलीत तर नियमभंग. म्हणून ज्यांच्या गाडीची नेहमीची नोंदणी अजून जिवंत आहे, किंवा दंड भरून जिवंत करता येण्यासारखी आहे, त्यांनी घाईने व्हिंटेजचा शिक्का घेऊ नये. दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरावा लागेल. पण गाडी मोकळेपणाने फिरवता येईल. आणि त्यासाठी आजोबांच्या नावाचे जुने आरसी बुक आधी शोधावे लागते. वाड्यातल्या कागदांच्या पेटीला हात घालाल तेव्हा वाळवीची औषधफवारणी त्या पेटीवरही करून घ्या; गाडीच्या फळ्या नव्या करता येतात, तो कागद नाही.